लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : गाण्यातून मांडलेली फिर्याद

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. या वर्षी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे चरित्र लिहिण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली. वास्तविक नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ज्या मातंग घरात अण्णाभाऊंची तसबीर नाही असे घर विरळा. 1 ऑगस्टचा दिवस लहान मुलांनाही पाठ असतो. मग पुन्हा तेच चरित्र कशासाठी लिहावयाचे, असा प्रश्न ज्ञातिबांधवांच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर असे की, 'फकिरा' लिहिणारे कादंबरीकार अण्णाभाऊ आपल्या पुष्कळ लक्षात राहिले, परंतु हातात डफ घेऊन उभे राहिलेले शाहीर अण्णाभाऊ मात्र आपण अर्धेअधिक विसरलो. त्यांच्या गाण्यांत नुसता आवेश नव्हता. गरिबाच्या पोटातले अन्न, त्याच्या छातीतला श्वास आणि त्याच्या पायाखालची जमीन कोण हिरावून घेतो, याची ती रीतसर फिर्याद होती. या लेखात त्या फिर्यादीकडेच आम्ही विशेष लक्ष देणार आहोत. बाकीचे चरित्र ओघाने येईल तेवढे येईल.

अण्णाभाऊंचे पाळण्यातील नाव तुकाराम. 1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेव्हाचा तो सातारा भाग, आज सांगली जिल्ह्यात मोडतो. वडिलांचे नाव भाऊराव व आईचे वालुबाई. त्या काळी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून आपल्या समाजातील माणसांच्या मागे हजेरीचा ससेमिरा लावला होता. जन्मास आला तोच चोर, अशी ती समजूत. दोर वळावे, झाडू-शिंपली करावीत, हलगी वाजवावी, गावाची पडतील ती कामे करावीत, आणि रात्री पाटलापुढे हजेरी द्यावी, असे ते जिणे होते. शाळेत अण्णाभाऊ गेले ते जेमतेम दीड दिवस. ज्यांनी सारे आयुष्य खडू-फळ्यात घालविले त्या आमच्यासारख्यांना हा दीड दिवस फार बोचतो. एक थोर लेखक दीड दिवसात शाळेबाहेर पडला, याचा गौरव व्यासपीठावरून नेहमी होतो. परंतु त्याच्यासारखी आणखी किती मुले त्याच दीड दिवसात बाहेर पडली आणि पुढे काहीच झाली नाहीत, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

दुष्काळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून 1930 नंतरच्या एक-दोन वर्षांत साठे कुटुंबाने गाव सोडले. गाडीभाड्यास पैसे नव्हते, म्हणून सुमारे दोनशे मैलांची वाट ही माणसे पायी चालली. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे आणि पुढे निघावे. मुंबईत आल्यावर या मुलाने हमाली केली, कोळसे वेचले, फेरीवाल्याचे गाठोडे डोक्यावरून वाहिले, श्रीमंतांची कुत्री सांभाळली. पुढे कापडगिरणीत झाडूवाल्याचे काम मिळाले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिचित्रे वाचून त्यांनी अक्षरओळख पक्की केली. त्यांची शाळा म्हणावयाची तर ती रस्त्यावर भरली.

गिरणीतील झाडूवाला म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावे लागेल. सूतकताईच्या खात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. ते नाकातोंडात जातात, केसांवर बसतात आणि वर्षानुवर्षे छातीत साठतात. गिरणीकामगारांस होणारा खोकला आणि दमा या धुळीतून येई. साच्यावर बसणाऱ्याला निदान काही हुद्दा असे, झाडूवाल्यास तोही नव्हता. साऱ्या खात्याची धूळ उचलावयाची त्यानेच आणि गिळावयाचीही त्यानेच. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी कामे केली, त्या आपल्या समाजातील कुटुंबांना याहून अधिक सांगावयास नको.

काही काळाने गिरणीतील काम सुटले आणि अण्णाभाऊ गावी परतले. तेथे त्यांच्याच नात्यातील बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. या फडात ते रमले. पाठांतर जबरदस्त, आवाज खडा, आणि ढोलकी, तुणतुणे, हलगी, पेटी यांपैकी जे हाती येईल ते वाजविण्याची हातोटी. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग हा सारा क्रम त्यांच्या अंगात मुरला. पुढे त्यांनी जे मोडले आणि जे नवे घडविले ते या मुरलेल्या विद्येच्या जोरावर. ज्यास परंपरा येत नाही त्याने ती बदलण्याच्या गोष्टी बोलू नयेत, असे आमचे मत आहे.

पुन्हा मुंबईस आल्यावर माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांचा मुक्काम पडला. ही वसाहत धारावीच्या लगत, खाडीच्या बाजूस. दलदल, तुंबलेली गटारे आणि त्यांवर घोंगावणारे डास. दलित व कामकरी माणसांची दाट वस्ती तेथे होती आणि कम्युनिस्ट पक्षाची चळवळही तेथे जोरात होती. अण्णाभाऊ त्या चळवळीत ओढले गेले. आता गंमत अशी की, या महान शाहिराचे पहिले गाणे क्रांतीवर वा देशावर रचलेले नसून ते लेबर कँपातल्या मच्छरांवर रचलेले होते! पुष्कळ चरित्रकार ही गोष्ट हसण्यावारी नेतात. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. श्रीमंताच्या बंगल्याभोवती डास नसतात आणि कामगाराच्या खोपटाभोवती असतात, ही सृष्टीची करणी नव्हे. गटार कोठे बांधावयाचे, पाणी कोठे तुंबू द्यावयाचे आणि साफसफाई कोणाच्या आळीत करावयाची, हे माणसेच ठरवितात. नवशिक्या शाहिराने डफावर पहिली थाप मारली ती या प्रश्नावर. आज ज्यास पर्यावरणाचा प्रश्न म्हणतात, त्याचे मूळ गरिबाच्या दारात असे डासांच्या रूपाने भिणभिणत असते.

1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या साथीने अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख मूळचे बार्शीचे, म्हणजे आपल्या लातूरच्या शेजारचेच. त्यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. या तिघांची जोडणी अपूर्व होती. अण्णाभाऊंनी रचावे, गवाणकरांनी त्यास साथ व घाट द्यावा आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजाने हजारोंचा समुदाय हलवून सोडावा. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी कार्यक्रम अडत नसे, असे त्या काळचे जाणते सांगत.

या कलापथकाने तमाशाचे रूपच पालटले. गणात गणपतीच्या वंदनाऐवजी मायभूमीस आणि छत्रपती शिवरायांस वंदन आले. गौळणीची थट्टामस्करी गळाली. वगातील राजाराणीच्या जागी शेठजी, पुढारी, भाडोत्री गुंड आणि संपावरचा कामगार आले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'माझी मुंबई' ही त्यांच्या वगांची नुसती नावे वाचली तरी त्यांचा रोख कळून येतो. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले आणि त्यात हे कलापथकही सापडले. तेव्हा याच खेळास लोकनाट्य हे नाव देऊन अण्णाभाऊंनी तो पुन्हा उभा केला. नाव बदलले, ढोलकी तीच राहिली. आज प्रतिष्ठित रंगमंदिरांतून मिरविणारे लोकनाट्य हे नाव बंदी चुकविण्याच्या निकडीतून रूढ झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आता त्यांच्या पोवाड्यांकडे वळू. 1943 साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि त्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या लढाईतील रशियन जनतेचे शौर्य खरोखर गाण्याजोगे होते. त्या देशाच्या राज्यकारभाराविषयी पुढे जे बाहेर आले ते पाहता, अण्णाभाऊंचा रशियावरील सारा विश्वास आज जसाच्या तसा स्वीकारावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु याच सुमारास त्यांनी 'बंगालची हाक' रचली. ही रचना आम्हांस त्याहून मोठी वाटते.

1943 साली बंगालात भीषण दुष्काळ पडला आणि त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली. आदल्या वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूरकडे मोठे चक्रीवादळ झाले होते आणि पिकाचे नुकसान झाले होते, हे खरे. परंतु तेवढ्याने एवढी माणसे मरत नसतात. जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तेथून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या खाड्यांतील नावा ताब्यात घेतल्या वा मोडल्या, त्यामुळे धान्याची ने-आण बंद पडली आणि कोळ्यांचे पोट बुडाले. लष्करासाठी आणि कलकत्त्यातील कारखान्यांसाठी धान्याची खरेदी झाली, भाव चढले आणि भाव आणखी चढतील या आशेने व्यापाऱ्यांनी तांदूळ दडवून ठेवला. ज्याच्याकडे शेत नाही आणि रोकडही नाही असा मजूर, न्हावी, कोळी आधी मेला. कोठारात धान्य होते आणि कोठाराबाहेर प्रेते होती.

आम्ही वर्गात व्याकरण शिकविताना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग समजावून देत असू. कर्मणी प्रयोगात कर्ता हळूच मागे सरतो, पुष्कळदा नाहीसाही होतो. सरकारी अहवालांची भाषा बहुधा अशी असते. धान्य कमी पडले, भाव वाढले, माणसे दगावली. कोणी काही केले नाही, सारे आपोआप झाले! शाहिराची भाषा मात्र कर्त्यास पुढे आणणारी. धान्य कोणी दडविले, भाव कोणी वाढविले, कोणामुळे माणूस मेला, हे तो डफावर बोट ठेवून सांगतो. अण्णाभाऊंच्या सर्व गाण्यांचे मर्म आम्हांस या एका गोष्टीत दिसते. दुष्काळ हा देवाचा कोप, ही आपल्या लोकांची शेकडो वर्षांची समजूत. पाऊस देवाच्या हाती असेल. पण उपास कोणाच्या हाती असतो? बंगालसाठी त्या वेळी देशभर कलापथकांनी गाऊन निधी जमविला. 1943 सालीच मुंबईत स्थापन झालेली इप्टा ही नाट्यसंस्था त्यात अग्रभागी होती. पुढे 1949 साली अण्णाभाऊ त्या अखिल भारतीय संस्थेचे अध्यक्ष झाले. दीड दिवस शाळेत गेलेल्या वाटेगावच्या मुलास मिळालेला हा मान आपल्या चरित्रग्रंथांतून एका ओळीत उरकला जातो!

काळ्या बाजारावरील त्यांचा पोवाडा याच जातीचा. युद्धकाळात शिधावाटप सुरू झाले, भाव सरकारने बांधून दिले, आणि त्याबरोबर मागील दाराने दुप्पट-चौपट भावाचा धंदा सुरू झाला. कामगारास वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. त्याचे वर्तमानपत्र म्हणजे हा पोवाडा. झीलकऱ्यांनी सूर धरावा, ढोलकीची थाप पडावी आणि मध्येच शाहिराने बाजारभाव सांगावा, असा तो थाट. अर्थशास्त्राचा एवढा रोखठोक पाठ दुसरा आम्हांस ठाऊक नाही.

'तेलंगणाचा संग्राम' हा त्यांचा पोवाडा आपल्या भागास सर्वांत जवळचा. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट येथील मंडळींस तेलंगण म्हणजे नदीपलीकडचे शेजारघर. निजामाच्या राज्यात देशमुखांकडे हजारो एकर जमिनी एकवटल्या होत्या आणि गावोगाव दलितांकडून वेठ घेतली जाई. 1946 पासून 1951 पर्यंत तेथील शेतकऱ्यांनी आणि वेठबिगारांनी सशस्त्र लढा दिला. आपल्याकडेही हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटला होता आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी तो सफल झाला. त्या संग्रामाचे गुणगान आपण दरवर्षी करतो ते योग्यच. पण जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि वेठ कोणी करावयाची हा प्रश्न त्यात कोणी विचारला, तर तो या पोवाड्याने विचारला.

'मुंबईची लावणी' ही त्यांची आणखी एक अजोड रचना. लावणी म्हणजे शृंगार, असा रूढ समज. पठ्ठे बापूरावांनीही मुंबईवर लावणी रचली होती आणि तीत नगरीच्या वैभवाचे कौतुक होते. अण्णाभाऊंनी तोच प्रकार घेतला आणि नगरीचा बुरखा दूर केला. उंच टेकडीवर, समुद्राच्या वाऱ्यावर धनिकांचे महाल, आणि खाली परळच्या बाजूस घाम गाळून मिळेल ते खाणारी वस्ती. एकाच शहरात हवा दोन प्रकारची, पाणी दोन प्रकारचे, आयुष्यही दोन प्रकारचे. लावणीच्या ठसक्यात हे ऐकताना माणूस आधी मान डोलावतो आणि मग दचकतो.

येथे एक आठवण सांगण्याचा मोह होतो. नोकरीत असताना एका 1 ऑगस्टला आम्ही मुलांकडून ही लावणी बसवून घेतली होती. वरिष्ठांपैकी एका गृहस्थांनी नुसते नाव ऐकूनच शाळेत लावणी कशाला, म्हणून आक्षेप घेतला आणि कार्यक्रम रद्द करविला. त्या दिवशी मुलांनी नेहमीची भाषणे केली. अण्णाभाऊंच्या जयंतीस अण्णाभाऊंचेच गाणे वर्ज्य ठरावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी सारा महाराष्ट्र जागविला. 'माझी मैना गावाकडे राहिली' ही छक्कड त्या काळची. पोट भरण्यासाठी मुंबईस आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको, यांच्या ताटातुटीचे हे गाणे पुढे बेळगाव, कारवार, निपाणी या दुरावलेल्या भागांचे गाणे होते. राजकीय अंग सर्वांच्या लक्षात राहिले. परंतु गावात काम नाही म्हणून माणूस शहराकडे फेकला जातो आणि शहरात बेकारांच्या गर्दीत हरवतो, हे त्यातले मूळ दुःख आहे. आमच्या मुखेड-कंधार भागातून पुणे, मुंबई, हैदराबादकडे कामास जाणाऱ्या तरुणांची घरे आज पाहा, त्या गाण्यातील मैना दारोदार उभी दिसेल.

त्यांच्या गद्याविषयी थोडक्यात सांगू. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि पुष्कळ कथा त्यांनी लिहिल्या. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आणि 1961 साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. तीत उपासमारीच्या काळात फकिरा धान्य व खजिना लुटून भुकेलेल्यांस वाटतो. म्हणजे 'बंगालची हाक' मधील प्रश्नच तेथे कथेच्या रूपाने आला. 'स्मशानातील सोनं' ही कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. मालक खाण बंद करतो आणि भीमा प्रेताच्या राखेतून सोने वेचण्यापर्यंत येतो. त्यात कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारे हातच निकामी झाले! 1961 साली ते रशियास जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णनही लिहिले. 1958 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि पृथ्वीचा भार तोलण्याचे श्रेय पुराणातल्या शेषाकडून काढून कष्टकऱ्यांच्या हातांस दिले.

ते कम्युनिस्ट होते की आंबेडकरवादी, असा वाद आपल्या सभांतून अधूनमधून उठतो. आमच्या मते हा वाद त्यांच्या आयुष्याने केव्हाच निकालात काढला. बाबासाहेबांवर त्यांनी रचलेले गीत आणि लाल बावट्याखाली गायिलेले पोवाडे एकाच कंठातून आले. आपल्या सोयीसाठी त्यातील एक बाजू झाकून तसबीर लावणे बरे नव्हे. त्यांना नुसता आपल्या जातीचा पुरुष करून ठेवणे हेही त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

त्यांच्या गाण्यांचा आपल्या दोन जिल्ह्यांशी काय संबंध, हे सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. आपला पिढीजात धंदा दोराचा. बांधावरचे केकताड आणावे, कुजवून त्याचा वाख काढावा, आणि दावे, कासरे, नाडे, सोल, शिंकी वळून बलुत्याच्या धान्यावर घर चालवावे. ओढ्याकाठच्या शिंदीपासून झाडू करावेत. हे सारे गावच्या बांधांवर, ओढ्यांवर आणि गायरानावर चाले. प्रथम नायलॉनचा दोर आला. मग ट्रॅक्टर आला आणि बैलच गेले, तर दावे कोणास हवे? बांध कोरले गेले, केकताड उपटले गेले, गायरानांवर अतिक्रमणे झाली, ओढ्याकाठची शिंदी तुटली. मोबदला आपणांस कोणी दिला नाही, कारण या वस्तू आपल्या मालकीच्या आहेत असे कोठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते. कागदाच्या भाषेत धंदा कालबाह्य झाला. येथेही कर्ता नाहीसाच! अण्णाभाऊंनी दोरावर पोवाडा रचला असे नाही. पण त्यांच्या पद्धतीने विचारावयाचे तर, तो धंदा कोणी संपविला आणि त्या बांधावर आज कोणाचे पीक उभे आहे, असे विचारावे लागेल.

पाण्याचेही तसेच. 1972 चा दुष्काळ ज्यांना आठवतो त्यांना खडी फोडण्याची कामे आणि सुकडीचा घास आठवतो. 2016 सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली. त्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. मिरज म्हणजे सांगली जिल्हा, अण्णाभाऊंचाच मुलूख. त्यांच्या कृष्णा-वारणेकाठचे पाणी लातूरकरांनी त्या वर्षी प्यायले. पाऊस कमी झाला होता, यात शंका नाही. पण त्याच मांजरा खोऱ्यात मैलोगणती ऊस उभा होता, कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या होत्या आणि टँकरवाल्यांचा धंदा तेजीत होता. आपल्या वस्तीतील बाया घागरी घेऊन रात्र-रात्र रांगेत बसल्या. या साऱ्यावर डफ वाजवून गाणारा कोणी असता, तर पाऊस आणि ऊस यांची वेगवेगळी हजेरी त्याने घेतली असती.

आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत आज काय वाजते ते सर्वांस ठाऊक आहे. वर्गणीचा मोठा हिस्सा डीजेच्या भाड्यात जातो, छातीत धडधड होईल असा आवाज चालतो, म्हाताऱ्यांस आणि तान्ह्या मुलांस घरात कोंडून घ्यावे लागते. चार पिढ्या हलगी वाजविणारे आपले कलावंत मात्र त्या गाडीमागून हात बांधून चालतात. मंडळाच्या कार्यकारिणीत हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. तरुणांस राग येईल, ही भीती आम्हांस पटत नाही. हलगीच्या ठेक्यावर तरुणांचे पाय आधी थिरकतात, हे आम्ही शाळेच्या पटांगणात अनेकदा पाहिले आहे.

अण्णाभाऊंच्या अखेरच्या वर्षांविषयी लिहिणे दुःखाचे आहे. मुंबईच्या घाटकोपर भागातील चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी कित्येक वर्षे काढली आणि बहुतेक सारे लेखन तेथेच केले. त्यांच्या कथानकांवर 'वैजयंता', 'डोंगरची मैना', 'मुरळी मल्हारीरायाची', 'वारणेचा वाघ' असे चित्रपट निघाले, पण पैसा त्यांच्या हाती टिकला नाही, किंवा पुरता आलाच नाही. शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात लहानसे घर मिळाले. 18 जुलै 1969 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांनी देह ठेवला. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्ट रोजी, अमर शेखही अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात महाराष्ट्राचे दोन आवाज थांबले.

मरणोत्तर मानसन्मान पुष्कळ झाले. 1985 साली त्यांच्या नावाने राज्य शासनाचे विकास महामंडळ स्थापन झाले, 2002 साली टपाल तिकीट निघाले, 2022 साली मॉस्कोत पुतळा बसला. त्यांचे निवडक वाङ्मयही शासनाने छापून प्रसिद्ध केले आहे, तेव्हा गाण्यांचे शब्द आपणांस मिळतात. चाली मात्र कागदावर उतरत नाहीत. उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड, लोहा या भागांत जुन्या कलापथकांतून गायिलेली काही वृद्ध माणसे अजून आहेत, असे आम्हांस समजते. 'मुंबईची लावणी', 'बंगालची हाक' आणि काळ्या बाजाराचा पोवाडा यांपैकी एखाद्याची जुनी चाल ज्यांना येत असेल, त्यांच्या मुला-नातवंडांनी ती ध्वनिमुद्रित करून मंडळाच्या चिटणीसांकडे पोहोचवावी. पुढील जयंतीच्या आत ती हलगीवाल्या पोरांकडून बसवून घेण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले आहे.